फाटकापासून ओसरीपर्यंत: घरच्या घरी खडीची वाट कशी करावी

मिरज तालुक्यातील आमच्या शेतघराच्या फाटकापासून ओसरीपर्यंतचे अंतर ६० फूट आहे. पहिल्या वर्षी त्या ६० फुटांवर मी दोन ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) खडी ओतली, फावड्याने पसरली आणि रस्ता झाला असे समजून हात धुतले. मृगाच्या सरींत वाट दिसायला छान होती. श्रावणात मोटारीच्या चाकांच्या दोन चाकोऱ्या पडल्या आणि दसऱ्याला पाहावे तो खडी जवळजवळ नाहीशी झालेली होती. ती कोणी नेली नव्हती, वाहूनही गेली नव्हती. कुदळ मारल्यावर वीतभर खाली काळ्या चिखलात रुतलेली ती जशीच्या तशी सापडली. जमिनीने ती गिळली होती.

दुसऱ्या वर्षी तेच काम पुन्हा केले, पण खडीपासून नव्हे तर पाण्यापासून सुरुवात केली. तो रस्ता आजही उभा आहे. येथे त्या दुसऱ्या वेळची पद्धत सांगितली आहे.

खडीचा थर वजन पेलतो अशी आपली समजूत असते, परंतु वजन शेवटी खालची जमीनच पेलते. ही गोष्ट जॉन लाउडन मॅकॅडम (१७५६–१८३६) या स्कॉटिश अभियंत्याने दोनशे वर्षांपूर्वी ठामपणे मांडली. जमीन कोरडी राहिली तर ती हवे तेवढे ओझे उचलते, आणि वरचा फोडलेल्या दगडांचा थर हे तिच्यावरचे छप्पर असते, असे त्याच्या विचाराचे सार आहे. आपल्याकडे बांधकाम खात्याच्या कामांत ज्याला ‘डब्ल्यूबीएम’ (वॉटर बाउंड मॅकॅडम) म्हणतात त्यातील शेवटचे अक्षर त्याच्याच नावाचे आहे. ग्रामपंचायतीच्या फलकावर मुरमीकरण, खडीकरण, डांबरीकरण असे जे तीन शब्द ओळीने दिसतात, त्यांतील पहिले दोन आपल्याला अंगणात उतरवायचे आहेत.

म्हणून पहिले काम पावसाळ्यात करावे, तेही काहीही न खणता. जोराच्या सरीत छत्री घेऊन फाटकापाशी उभे राहावे आणि पाणी कोठून येते, कोठे साचते आणि कोठून बाहेर पडते ते पाहावे. छपराच्या पन्हळीचे पाणी वाटेवर पडत असेल तर ते आधी नळी लावून बाजूला न्यावे, कारण एका पन्हळीची धार एका हंगामात वाटेला खड्डा पाडते. बाहेर काढलेले पाणी शेजाऱ्याच्या बांधावर सोडू नये. बांधावरून होणारी भांडणे खडीपेक्षा फार महाग पडतात. शोषखड्डा करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण काळ्या जमिनीत तो खालच्या मुरमापर्यंत पोहोचला नाही तर पावसाळाभर भरलेल्या हौदासारखा राहतो, कारण ओली झालेली काळी माती पाणी फार सावकाश जिरवते. त्यापेक्षा उघडा चर काढून पाणी ओढ्याकडे किंवा बागेकडे नेलेले बरे.

प्रत्यक्ष काम दिवाळीनंतर सुरू करावे. तेव्हा जमिनीला अजून थोडी ओल असते, त्यामुळे ती खणायला सोपी जाते. एप्रिल-मेमध्ये हीच काळी माती दगडासारखी कडक होते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. काळ्या मातीचा स्वभावच असा आहे की ती भिजली की फुगते आणि वाळली की आक्रसते, आणि तिच्यावर थेट टाकलेली प्रत्येक वस्तू या हालचालीत वर-खाली होत राहते. लाल किंवा मुरमाड जमिनीत हा त्रास नसतो. तेथे खाली सांगितलेल्या जाडीतून दोन-तीन इंच सहज कमी करता येतात.

मोटारीसाठी ९ फूट रुंदी पुरेशी होते. फाटकापाशी वळण असेल तर तेथे आतल्या बाजूने ती २-३ फुटांनी वाढवावी, अन्यथा मागचे चाक दर वेळी कड तोडते. बागेतील पायवाट ३ फुटांपेक्षा अरुंद करू नये. दोन माणसांना बोलत चालायचे असेल तर ४ फूट ठेवावी. दोन्ही कडांना खुंट्या ठोकून दोरी ताणावी आणि मग समपातळी काढावी. त्यासाठी गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल पाईप पुरते. पाईपमध्ये पाणी भरताना हवेचा एकही बुडबुडा राहू देऊ नये, आणि एका टोकाचे पाणी खुंटीवरील खुणेला येऊन पूर्ण स्थिरावेपर्यंत दुसऱ्या टोकाच्या माणसाने घाई करू नये. आमच्याकडे पहिल्यांदा घेतलेल्या पातळीत दीड इंचाचा फरक आला, तो निव्वळ पाईपमध्ये राहिलेल्या बुडबुड्यांमुळे. लांबीच्या दिशेने १०० फुटांस १ फूट उतार मिळाला तर उत्तम. आमच्या ६० फुटांत घराकडून फाटकाकडे तो ७ इंच बसला. उतार नेहमी घरापासून दूर असावा, हे सांगण्याची गरज पडू नये, पण मी उलटे झालेले पाहिले आहे.

खणण्यापूर्वी पाण्याची पाईप आणि विजेची केबल कोठून गेली आहे ते घरातील जुन्या माणसांना विचारून घ्यावे. खणून झाल्यावर, भराव घालण्याआधी, वाटेच्या आडव्या दिशेने ४ इंची पीव्हीसी पाईपचे दोन रिकामे तुकडे टाकून त्यांची तोंडे बांधून ठेवावीत. पुढे कधी ठिबकची नळी किंवा बागेतील दिव्याची तार न्यायची झाली की ही दूरदृष्टी फार उपयोगी पडते.

आता मापांचा हिशेब पाहू. आमच्या वाटेचे क्षेत्रफळ ६० गुणिले ९, म्हणजे ५४० चौरस फूट. त्यावर दाबून झाल्यानंतर ६ इंच मुरूम, ३ इंच जाड खडी आणि २ इंच बारीक खडी अशी एकूण ११ इंच जाडी ठरवली आणि जमीन ९ इंच खणली, म्हणजे तयार वाट आजूबाजूच्या जमिनीपेक्षा २ इंच उंच राहते. हे दोन इंच सोडू नयेत, कारण जमिनीच्या बरोबरीने केलेली वाट पावसात ओढा होते. दाबलेल्या मुरमाचे माप २७० घनफूट येते, पण सुटा मुरूम दाबल्यावर बसतो, म्हणून चौथाई जादा धरून सुमारे साडेतीन ब्रास मागवावा. दीड इंची, म्हणजे ४० मिलिमीटरची खडी ४ इंच पसरली की दाबून ३ इंच होते. त्यासाठी १८० घनफूट, म्हणजे पावणेदोन ते दोन ब्रास लागते. तिच्या फटी भरण्यासाठी अर्धा ब्रास क्रशरची कच, म्हणजे दगड फोडताना पडणारा बारीक भुगा, आणि वरच्या थरासाठी एक ब्रास १०-१२ मिलिमीटरची खडी घ्यावी. एक ब्रास खडीचे वजन सव्वाचार टनांच्या आसपास भरते. तेव्हा ती कोठे ओतायची ते गाडी येण्यापूर्वी ठरवून ठेवावे. घमेल्यांनी चाळीस फूट वाहून नेण्याची वेळ आली की मग घरातील माणसे एकमेकांशी बोलेनाशी होतात.

ट्रॉली खाली होण्यापूर्वी तिची लांबी, रुंदी आणि मालाची उंची टेपने मोजून घ्यावी. त्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. मुरूम हे गौण खनिज आहे. म्हणून तो परवानगी असलेल्या ठिकाणचाच, रॉयल्टीच्या पावतीसह घ्यावा. ओढ्याकाठून किंवा माळावरून रात्री उचलून आणलेला मुरूम स्वस्त मिळाला तरी महसूल खात्याकडून दंड होण्याचा धोका आपल्याच दारात येऊन उभा राहतो.

मुरूम निवडण्याची एक सोपी परीक्षा आहे. मूठभर मुरूम ओला करून तळहातांत चोळावा. तो साबणासारखा गुळगुळीत लागला आणि हाताला मातीचा लेप राहिला तर तो मऊ, मातकट मुरूम आहे असे समजून परत पाठवावा. कडक मुरूम खरखरीत लागतो आणि त्यातील खडे बोटांनी चुरडत नाहीत. अधिक खात्री हवी असल्यास काचेच्या बरणीत एक तृतीयांश मुरूम आणि बाकी पाणी घालून जोरात हलवावे व रात्रभर ठेवावे. सकाळी तळाशी खडे, त्यावर रेती आणि सर्वांत वर चिकणमाती असे थर दिसतात. वरचा थर जाड असेल तर तो मुरूम पावसात लोणी होणार.

खणताना झाडांच्या मुळ्या, जुने बुंधे आणि काळी भुसभुशीत माती पूर्ण काढावी. कडांच्या दगडांसाठी प्रत्येक बाजूला ९ इंच जास्त खणावे. तळ उघडा पडल्यावर पहारीने जागोजाग टोचून पाहावे. पहार जेथे सहज आत जाते तेथे आणखी वीतभर उकरून दगडगोटे आणि मुरूम भरावा. तळालाही वरच्यासारखाच मध्ये उंच, कडेला उतरता आकार द्यावा, नाहीतर खडीतून झिरपलेले पाणी खाली खंदकात साचून राहते आणि वरून सारे ठीक दिसत असताना वाट आतून सैल होते. हा तळ धुमसून, म्हणजे दांड्याच्या जड ठोकणीने (धुमसने) ठोकून, घट्ट करून घ्यावा.

लव्हाळ्याबद्दल दोन शब्द वेगळे सांगायला हवेत. गाजर गवत खणताना निघून जाते, पण लव्हाळ्याच्या गाठी खोल असतात आणि त्याचे टोक प्लास्टिकचा कागददेखील भोसकून वर येते. शक्य असेल तर खणलेला तळ दोन-तीन आठवडे उघडा ठेवून, पाणी मारून, उगवलेले लव्हाळे गाठीसकट दोनदा काढावे. खाली प्लास्टिक अंथरू नये. त्याने तण थांबत नाही, पाणी मात्र अडते. काळ्या जमिनीत पैसे असतील तर तळावर न विणलेले, फेल्टसारखे दिसणारे जिओटेक्स्टाइल कापड जरूर अंथरावे. ते पाणी खाली जाऊ देते, पण खडी मातीत आणि माती खडीत शिरू देत नाही. सांध्यावर दोन कापडे किमान एक फूट एकावर एक आली पाहिजेत. माझी पहिली खडी जमिनीने गिळली तेव्हा हेच कापड खाली असते तर बराचसा माल वाचला असता.

कडा बांधल्याशिवाय खडी टाकू नये. मोकळ्या कडेची खडी वर्षभरात हिरवळीत आणि फुलझाडांत जाऊन बसते. काळ्या दगडाचे डबर, जांभ्याचे चिरे किंवा उभ्या लावलेल्या पक्क्या विटा, यांपैकी आपल्याकडे जे सहज मिळेल ते घ्यावे. ते सिमेंटच्या मसाल्यात बसवून बाहेरच्या बाजूने मसाल्याचा तिरका आधार द्यावा आणि दर पाच-सहा फुटांवर पाणी बाहेर जाण्यासाठी दोन बोटांची फट सोडावी. ही फट विसरली की वाट लांबट टाकी बनते. कड खडीपेक्षा इंचभर वर ठेवावी. मसाल्यावर निदान सात दिवस पाणी मारून मगच जवळ धुमस चालवावी.

यानंतरचे काम म्हणजे दाबणे, आणि सगळा रस्ता येथेच बनतो किंवा बिघडतो. सहा इंच मुरूम एकदम टाकून वरून दाबला तर वरचे तीन इंच घट्ट होतात आणि खालचा भाग गादीसारखा राहतो. म्हणून तो दोन थरांत टाकावा, सुटा असताना एका थराची जाडी ४ इंचांच्या आत ठेवावी. प्रत्येक थरावर झारीने पाणी शिंपडून तासभर मुरू द्यावे आणि मग मूठ वळून पाहावी. मूठ उघडल्यावर लाडू टिकला पण तळहातावर पाणी उतरले नाही, तर ओल बरोबर आहे. लाडू फुटला तर आणखी पाणी हवे. बोटांमधून पाणी निघाले तर त्या दिवशीचे काम थांबवून मुरूम सुकू द्यावा. चिखल कितीही धुमसला तरी तो फक्त इकडून तिकडे सरकतो.

पायवाटेसाठी हाताची धुमस पुरते. मोटारीच्या वाटेसाठी मात्र प्लेट कॉम्पॅक्टर, म्हणजे थरथरणाऱ्या लोखंडी पाट्याने जमीन दाबणारे यंत्र, एक-दोन दिवस भाड्याने आणावा. धुमस मारताना कडेकडून मध्याकडे यावे आणि आवाजाकडे कान ठेवावा. सुरुवातीला ‘धप’ असा बसका आवाज येतो आणि धुमस पडलेल्या जागी ठसा उमटतो. पाच-सात फेऱ्यांनंतर आवाज कोरडा, टणक होतो, दांड्यातून हाताला झिणझिण्या येतात आणि धुमस किंचित उसळी घेते. आमच्याकडे कामाला आलेले एक वयस्कर गवंडी पाठ फिरवून बसत आणि नुसत्या आवाजावरून ‘तिथं अजून कच्चं आहे’ असे सांगत. मी पहारीने तपासून पाहिले, ते एकदाही चुकले नाहीत.

मुरमाच्या वरच्या थराला मध्ये उंच असा आकार द्यावा. उतार शंभराला अडीच ते तीन ठेवला, तर ९ फुटी वाटेत मध्य कडेपेक्षा सुमारे दीड इंच उंच येतो. त्यासाठी लाकडी फळीच्या खालच्या बाजूला तेवढी कमान कापून साचा करावा आणि दर पाच फुटांवर तो आडवा ठेवून पाहावा. डोळ्यांच्या अंदाजावर विसंबू नये.

त्यावर दीड इंची खडी पसरावी. खडी क्रशरची, काळ्या दगडाची आणि कोनदार असावी. नदीचे गोटे दिसायला सुंदर असतात, पण गोल दगड एकमेकांना धरत नाहीत. चाक त्यांच्यावर फिरत राहते आणि चालणाऱ्याचा पाय मुरगळतो. ते तुळशी वृंदावनाभोवती शोभेला ठेवावेत. कोनदार खडी दाबली की एकेका दगडाची कड दुसऱ्याच्या खोबणीत अडकते. आधी कोरडीच दाबावी, खडे हलायचे थांबले की कच पसरून खराट्याने फटींत लोटावी, पाणी मारावे आणि पुन्हा दाबावे. कच आत जायची थांबेपर्यंत हा क्रम चालू ठेवावा. त्यानंतर चार-सहा दिवस वाटेवर गाडी नेऊ नये.

शेवटचा थर १०-१२ मिलिमीटरच्या खडीचा, दोन इंच जाडीचा. तो जाड करण्याचा मोह होतो, कारण नवी खडी पाहून मन भरत नाही. पण तीन-चार इंच सुट्या खडीत चाक वाळूत अडकल्यासारखे फिरते, आणि घरात काठी किंवा चाकाची खुर्ची वापरणारे कोणी असेल तर त्यांचे हाल होतात. अशा घरात वरचा थर सुटा न ठेवता कचमिश्रित बारीक खडी पाणी मारून दाबून बसवावी. बागेच्या पायवाटेला हे सगळे सोपस्कार नकोत. ४ इंच खणून, ४ इंच दाबलेला मुरूम आणि त्यावर दोन इंच बारीक खडी एवढे तिला पुरते.

एक चूक मी दुसऱ्या वर्षीही केलीच. वाट जमिनीपेक्षा दोन इंच उंच होणार हे कागदावर नीट लिहिले होते, पण फाटक आत उघडते हे कोणाच्या लक्षात आले नाही. शेवटची ट्रॉली पसरून झाल्यावर फाटक अर्ध्यातच खडीत रुतले, आणि वेल्डरला बोलावून त्याच्या बिजागऱ्या वर घ्याव्या लागल्या. फाटकाची खालची कड तयार वाटेपासून किमान तीन इंच वर राहील हे खणण्याआधीच पाहावे.

कोकणातील वाचकांसाठी थोडे वेगळे. रत्नागिरीत माझ्या बहिणीच्या घरी जमीन जांभ्याची आहे. ती घट्ट असून पाणी जिरवते, म्हणून तेथे खालचे थर पातळ चालतात. तेथील अडचण उताराची आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक कोसळणाऱ्या पावसाची आहे. दहा फुटांत एक फुटापेक्षा जास्त उतार असेल तर सुटी खडी पहिल्याच आषाढात खालच्या वळणावर जाऊन बसते. अशा जागी चिऱ्यांची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, घालणे हाच शहाणपणा आहे. पूर्वीच्या लोकांनी ती उगाच घातली नव्हती.

पहिल्या पावसाळ्यात वाट थोडी बसते. जेथे डबके दिसेल तेथे नुसती खडी भरू नये. वरची खडी बाजूला ओढून, खालचा भाग पहारीने सैल करून, मुरूम व कच घालून धुमसावे आणि मग खडी पुन्हा सारखी करावी. चाकोऱ्या उमटू लागल्या की दाताळ्याने कडेची खडी मध्याकडे ओढावी. महिन्यातून एकदा अर्धा तास पुरतो. कोरड्या पानांचा थर साचू देऊ नये, कारण तो कुजून माती होतो आणि पुढच्या वर्षी त्यात गवत रुजते. या डागडुजीसाठी अर्धा ब्रास बारीक खडी कोपऱ्यात राखून ठेवावी. मात्र त्या ढिगात हात घालण्यापूर्वी दर वेळी फावड्याने तो हलवून घ्यावा, कारण दगडांच्या ढिगात विंचवाचे बिऱ्हाड असण्याची शक्यता असते आणि तो भाडे देत नाही.